फादर जेरोम डिसोजा : घटना समितीतील धर्मगुरू, जगाच्या व्यासपीठावरील भारतीय

भारतीय राज्यघटना स्वीकृत झाली त्याला २६ नोव्हेंबर २०२४ रोजी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. देशभर त्या निमित्ताने सोहळे झाले, उद्देशपत्रिकेचे सामुदायिक वाचन झाले आणि घटनेच्या शिल्पकारांचे कृतज्ञ स्मरण करण्यात आले. ते योग्यच होते. परंतु या स्मरणात एक नाव आमच्या समाजातही फारसे घेतले गेले नाही, याची खंत आम्हांला वाटते. ते नाव येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोजा यांचे. घटना समितीच्या सभागृहात बसून त्यांनी अल्पसंख्याकांच्या हक्कांचा मसुदा घडताना पाहिला व घडविण्यास हातभार लावला. पुढे भारताच्या शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत त्यांनी स्वतंत्र भारताची बाजू मांडली. आपल्या पुण्यनगरीत त्यांनी एका सामाजिक संस्थेचे बीज रोवले. १९७७ साली त्यांनी देह ठेवला. लोकप्रतिनिधी, राजनैतिक प्रतिनिधी आणि व्रतस्थ अशा तिहेरी भूमिकेतून जगलेले हे जीवन आज आमच्यापुढे काही प्रश्न ठेवते. धर्मस्वातंत्र्याचा विषय पुन्हा एकदा न्यायालयांत, विधिमंडळांत व रस्त्यावर चर्चिला जात असताना त्या जीवनाकडे वळणे हे केवळ पुण्यस्मरण ठरणार नाही. आपण कोठून आलो आणि आता कोणत्या वळणावर उभे आहोत, हे त्यातून उमगेल.

मंगळूर ते मद्रास

फादर जेरोम यांचा जन्म १८९७ साली मंगळूर येथे झाला. पश्चिम किनाऱ्यावरील कॅथलिक समाजाची श्रद्धा, शिस्त आणि शिक्षणाची ओढ या त्रिवेणीत ते वाढले. येशूसंघात प्रवेश केल्यावर त्यांनी ईशशास्त्राचा अभ्यास युरोपात केला. इंग्रजीबरोबर फ्रेंच भाषेशीही त्यांचा निकटचा परिचय झाला. १९४२ ते १९५० या काळात मद्रासच्या लोयोला महाविद्यालयाचे ते प्रमुख होते. म्हणजे 'चले जाव' चळवळ, फाळणी, स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताकाचा उदय या साऱ्या घटना घडत असताना तरुण विद्यार्थ्यांच्या घोळक्यात ते वावरत होते. उत्तम वक्ते म्हणून त्यांचा लौकिक मद्रास प्रांतात पसरला होता. हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती अशा सर्व समाजांतील सुशिक्षितांशी त्यांचा स्नेह होता.

१९४६ साली घटना समितीची निवड झाली तेव्हा मद्रास प्रांतातून काँग्रेसच्या पाठिंब्यावर फादर जेरोम समितीवर निवडून आले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काँग्रेसने एका कॅथलिक धर्मगुरूस निवडून पाठविले ते धार्मिक समाजाच्या कोट्यातून केवळ एक जागा भरावी म्हणून नव्हे. नव्या राष्ट्राच्या पायाभरणीत ख्रिस्ती माणसाचा आवाज आतून यावा, बाहेरून तक्रारीच्या स्वरात येऊ नये, अशी दोन्ही बाजूंची इच्छा होती. घटना समितीत त्यांच्यासोबत इतरही ख्रिस्ती प्रतिनिधी होते. बंगालचे डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी समितीचे उपाध्यक्ष होते. राजकुमारी अमृत कौर होत्या. आसामचे रेव्हरंड निकोल्स रॉय होते. मुंबई प्रांतातून जोसेफ आल्बन डिसोजा होते. त्रावणकोरमधून पुढे ॲनी मस्करीन आल्या. संख्येने हे प्रतिनिधी थोडे होते, परंतु त्यांच्या शब्दाला वजन होते.

'प्रसार' या एका शब्दासाठी

आज आपण घटनेच्या पंचविसाव्या कलमाचा उल्लेख सहजपणे करतो. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य हे कलम प्रत्येक व्यक्तीस देते. मात्र त्यातील 'प्रसार' हा शब्द सुखासुखी आलेला नाही. मूलभूत हक्कांचा आराखडा तयार होत असताना सुरुवातीला धर्म मानण्याचा व आचरण्याचा हक्क पुरेसा आहे असे मत होते. एप्रिल १९४७ मध्ये अल्पसंख्याक उपसमितीत हा विषय आला. ख्रिस्ती व इस्लाम यांसारख्या धर्मांत धर्मप्रसार हा श्रद्धेचाच भाग आहे, तेव्हा तो हक्क स्पष्टपणे लिहिला पाहिजे, असा मुद्दा मद्रासचे कॅथलिक विचारवंत एम. रत्नस्वामी यांनी मांडला. उपसमितीचे अध्यक्ष डॉ. मुखर्जी होते. हा मुद्दा मान्य झाला आणि शब्द मसुद्यात आला.

१ मे १९४७ रोजी दुसरी कसोटी आली. जबरदस्तीने वा गैरवाजवी दडपणाने झालेले धर्मांतर कायद्याने मानू नये, असे एक कलम सभागृहापुढे होते. कन्हैयालाल मुन्शी यांनी त्यात भर घालून अठरा वर्षांखालील मुलांचे धर्मांतरही अमान्य करावे, अशी सूचना केली. वरकरणी ही सूचना निरुपद्रवी वाटते. परंतु आईवडील श्रद्धा बदलतात तेव्हा त्यांच्या कडेवरच्या मुलाचे काय, हा प्रश्न तिच्यात दडलेला होता. एका घरात आईबाप एका धर्माचे आणि तान्हे मूल कायद्याने दुसऱ्या धर्माचे, असे चित्र उभे राहिले असते. फ्रँक ॲन्थनी, रेव्हरंड निकोल्स रॉय आणि फादर जेरोम यांनी या अडचणीकडे सभागृहाचे लक्ष वेधले. कुटुंब हे समाजाचे मूळ आहे व मुलांच्या संगोपनाबाबत आईवडिलांचा अधिकार राज्याच्या आधीचा आहे, हे कॅथलिक शिकवणीचे तत्त्व फादर जेरोम यांनी धर्मग्रंथाच्या भाषेत न सांगता सर्व धर्मांच्या सभासदांना पटेल अशा भाषेत सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही अज्ञान मुलांच्या बाबतीत येणाऱ्या अडचणी दाखवून दिल्या. प्रश्न पुन्हा सल्लागार समितीकडे गेला. जबरदस्तीचे धर्मांतर सर्वसाधारण कायद्यानेही टिकत नाही, तेव्हा घटनेत वेगळे कलम नको, असे सरदार वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अखेर ठरविले.

डिसेंबर १९४८ मध्ये 'प्रसार' या शब्दावर पुन्हा एकदा वाद झाला. काही सभासदांनी तो वगळण्याची मागणी केली. त्यावेळी शब्दाच्या बाजूने जे बोलले ते प्रामुख्याने ख्रिस्ती नव्हते, ही बाब आम्हांला फार महत्त्वाची वाटते. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी आपण चौदा वर्षे ख्रिस्ती शाळा-महाविद्यालयांत शिकलो, परंतु आपल्याला ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न कधी झाला नाही, असे सभागृहात सांगितले. ज्या मुन्शींनी वर्षभरापूर्वी बंधने सुचविली होती, त्याच मुन्शींनी हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या समजुतीचा भाग आहे व ती समजूत मोडू नये, असे सांगितले. शब्द टिकला. एका मोठ्या समाजाने लहान समाजाला दिलेला तो विश्वास होता आणि तो विश्वास निर्माण होण्यामागे शिक्षणसंस्थांतील कित्येक अनाम धर्मगुरू, धर्मभगिनी व शिक्षक यांची निरपेक्ष सेवा उभी होती. सभागृहातील भाषण त्या सेवेच्या पायावरच परिणामकारक ठरले.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावीशी वाटते. धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेवर आधारलेला हक्क आहे, असे वैश्विक ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात ७ डिसेंबर १९६५ रोजी घोषित केले. भारताच्या घटनेने हा हक्क त्यापूर्वी सोळा वर्षे मान्य केला होता. भारतीय कॅथलिक माणसाला या बाबतीत आपल्या देशाचा अभिमान वाटला पाहिजे.

राखीव जागांचा त्याग

फादर जेरोम यांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत कठीण निर्णय राखीव जागांचा होता. ब्रिटिश राजवटीत विभक्त मतदारसंघ होते. ख्रिस्ती मतदार ख्रिस्ती उमेदवारालाच मत देई. ऑगस्ट १९४७ मध्ये विभक्त मतदारसंघ रद्द करण्याचे ठरले, परंतु त्याऐवजी लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा ठेवण्याचा प्रस्ताव झाला. भारतीय ख्रिस्ती समाजासाठी केंद्रीय विधिमंडळात तसेच मद्रास व मुंबई या दोन प्रांतांच्या विधिमंडळांत अशा जागा राहणार होत्या. म्हणजे वसई, ठाणे, साष्टी, मुंबई येथील आपल्या आजोबा-पणजोबांचा या निर्णयाशी थेट संबंध होता.

मे १९४९ मध्ये डॉ. मुखर्जी यांच्या पुढाकाराने सल्लागार समितीने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडण्याचे ठरविले व घटना समितीने तो निर्णय मान्य केला. फादर जेरोम या भूमिकेचे समर्थक होते. समाजात त्याविषयी धास्ती नव्हती असे नाही. हातची जागा सोडायची आणि बहुसंख्याकांच्या सदिच्छेवर विसंबून राहायचे, हे व्यवहारी माणसाला पटणे सोपे नसते. परंतु त्यांचा विचार वेगळा होता. राखीव जागा अल्पसंख्याकांना सभागृहात बसवील, परंतु त्यांना सार्वजनिक जीवनाच्या कडेलाही ढकलील. त्यापेक्षा समान नागरिक म्हणून मूलभूत हक्कांची हमी मिळणे अधिक टिकाऊ आहे, हा तो विचार.

पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात असे तत्त्व सांगितले, की एखाद्या सवलतीमुळे आपल्या साक्षीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका निर्माण होत असेल तर कायदेशीरपणे मिळालेले हक्कही ख्रिस्तसभा सोडून देईल. भारतातील ख्रिस्ती प्रतिनिधींनी हे पाऊल सोळा वर्षे आधी उचलले होते.

तथापि केवळ गौरव करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या त्यागाचा भार सर्वांनी सारखा उचलला नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू समाजापुरत्या मर्यादित केल्या. १९५६ साली शीख दलितांचा व १९९० साली बौद्ध दलितांचा त्यांत समावेश झाला, परंतु ख्रिस्ती व मुसलमान दलित वगळलेलेच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बाळकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. राखीव जागांचा त्याग आणि हा आदेश या दोन भिन्न गोष्टी आहेत. परंतु विधिमंडळात बोलणारे आपले प्रतिनिधी कमी झाल्याने आपल्यातील सर्वांत दुबळ्या बांधवांचा आवाज क्षीण झाला, हे सत्य नाकारता येत नाही. ज्यांच्यापाशी शिक्षण, जमीन व संस्था होत्या त्यांना राखीव जागांवाचून फारसे अडले नाही. ज्यांच्यापाशी यांतील काहीच नव्हते, त्यांच्यासाठी आपण किती बोललो, हा प्रश्न आपल्या समाजाने स्वतःला विचारावयाचा आहे.

जगाच्या व्यासपीठावर

१९४९ साली फादर जेरोम यांची निवड संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेसाठी जाणाऱ्या भारतीय शिष्टमंडळात झाली. त्यानंतर १९५१-५२, १९५५ व १९५७ या वर्षांतही ते शिष्टमंडळाचे सदस्य होते. पांढऱ्या झग्यातील एक कॅथलिक धर्मगुरू नवस्वतंत्र, बहुसंख्येने हिंदू असलेल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून जगापुढे उभा राहतो, हे दृश्यच भारताच्या धर्मनिरपेक्षतेचा पुरावा होते. पंडित जवाहरलाल नेहरू यांना त्याचे महत्त्व ठाऊक होते.

त्या काळाचा संदर्भ ध्यानात घेतला म्हणजे या नेमणुकीचे मोल अधिक उमगते. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ सालापासून संयुक्त राष्ट्रसंघात लावून धरला होता. वसाहतवादाखालील देशांच्या स्वातंत्र्याची मागणी जोर धरत होती. इकडे फ्रेंच व पोर्तुगीज वसाहतींचा प्रश्न भारताच्या दारातच होता. पाँडिचेरीचा ताबा नोव्हेंबर १९५४ मध्ये भारताकडे आला. गोव्याचा प्रश्न मात्र चिघळला. गोवा सोडणे म्हणजे कॅथलिक धर्मावर आघात, असा प्रचार पोर्तुगालकडून होत असे. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू यांनी रोम येथे बारावे पायस यांची भेट घेतली आणि गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे, याविषयी पोप महोदयांच्या मनात शंका नसल्याचे सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. अशा वेळी भारताच्या शिष्टमंडळात एक भारतीय कॅथलिक धर्मगुरू असणे ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादापेक्षा बोलकी होती. कॅथलिक असणे म्हणजे परक्या सत्तेशी इमान राखणे नव्हे, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

येशूने राजाचे राजाला व देवाचे देवाला देण्याची शिकवण दिली. ती शिकवण दोन निष्ठांना एकमेकींविरुद्ध उभे करीत नाही. दोहोंना आपापली जागा देते. फादर जेरोम यांनी ती प्रत्यक्ष जगून दाखविली. देशाची बाजू मांडताना त्यांनी धर्मगुरूपण लपविले नाही आणि धर्मगुरू म्हणून वावरताना नागरिकत्व कमी लेखले नाही. मतभेद झाला तेव्हा तो त्यांनी खुलेपणाने मांडला. इतिहासकार व राजदूत सरदार के. एम. पणिक्कर यांनी आशियातील पाश्चात्त्य वर्चस्वाविषयीच्या आपल्या ग्रंथात मिशनकार्यावर कठोर टीका केली, तेव्हा फादर जेरोम यांनी त्यास पुस्तकरूपाने उत्तर दिले. आरोपाला आरडाओरड्याने नव्हे, अभ्यासाने उत्तर द्यावे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

पुण्यातील बीज

१९४९ साली येशूसंघाचे प्रमुख फादर यान्सेन्स यांनी संघाच्या सर्व सदस्यांना सामाजिक कार्याविषयी विशेष सूचनापत्र पाठविले. गरिबांना भाकर देण्याबरोबर दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यासही झाला पाहिजे, समाजरचना न्याय्य व्हावी म्हणून प्रशिक्षित माणसे घडविली पाहिजेत, हा त्या पत्राचा रोख होता. त्या प्रेरणेतून १९५१ साली पुणे येथे 'इंडियन सोशल इन्स्टिट्यूट' स्थापन झाली. तिचे संस्थापक फादर जेरोम होते. १९६३ साली संस्था दिल्लीस हलविण्यात आली. पुढे बंगळूर येथेही तिची शाखा विकसित झाली. आदिवासी, दलित, असंघटित कामगार व स्त्रिया यांच्या प्रश्नांवर संशोधन, प्रशिक्षण व कायदेविषयक साहाय्य हे या परंपरेचे कार्य झाले. बंगळूरच्या संस्थेचे संचालकपद भूषविलेले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू पावले. घटना समितीत बसलेला येशूसंघीय धर्मगुरू आणि आदिवासींच्या घटनात्मक हक्कांसाठी झटत तुरुंगात गेलेला येशूसंघीय धर्मगुरू ही एकाच परंपरेची दोन टोके आहेत. या दोन टोकांमधील अंतर भारतीय प्रजासत्ताकाच्या प्रवासाविषयी बरेच काही सांगून जाते.

१९५७ पासून फादर जेरोम यांना रोम येथे येशूसंघाच्या प्रमुखांचे साहाय्यक म्हणून जबाबदारी देण्यात आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा काळ त्यांनी अशा रीतीने ख्रिस्तसभेच्या केंद्रस्थानी राहून अनुभवला.

विश्वासाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फादर जेरोम यांच्या पिढीने बहुसंख्याक समाजावर जो विश्वास टाकला, तो फळाला आला काय?

उत्तर एका शब्दात देता येणार नाही. जमेच्या बाजूस बरेच काही आहे. तिसाव्या कलमाने दिलेल्या हक्काच्या आधारे हजारो ख्रिस्ती शाळा, महाविद्यालये उभी राहिली व न्यायालयांनी वेळोवेळी त्या हक्काचे रक्षण केले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ख्रिस्ती लोकसंख्या २.३ टक्के आणि महाराष्ट्रात जेमतेम एक टक्का आहे. एवढ्या लहान समाजाची सेवा देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली, ती शेजारधर्म पाळणाऱ्या हिंदू, मुसलमान, बौद्ध व जैन बांधवांच्या सदिच्छेमुळेच.

खर्चाची बाजूही तितकीच स्पष्ट आहे. १९५४ साली मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनकार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालाची सावली पुढील कायद्यांवर पडली. १९६७ साली ओरिसाने व १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मांतरासंबंधी कायदे केले. १९७७ साली, म्हणजे फादर जेरोम यांचे निधन झाले त्याच वर्षी, स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. ज्या शब्दासाठी घटना समितीत एवढा खल झाला, त्याचा अर्थ असा आखडला गेला.

त्यानंतर गुजरात, हिमाचल प्रदेश, झारखंड, उत्तराखंड, उत्तर प्रदेश, हरियाणा इत्यादी राज्यांनी असे कायदे केले. २०२५ साली राजस्थाननेही तसा कायदा केला. उत्तर प्रदेशाच्या कायद्याने धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, अशी अट घातली. निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. २०२४ च्या दुरुस्तीने शिक्षेची मजल जन्मठेपेपर्यंत नेली. महाराष्ट्र शासनानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा कायद्याचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वेस्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. जामीन मिळेपर्यंत त्यांना नऊ दिवस कोठडीत काढावे लागले.

आमचे म्हणणे नीट समजून घेतले जावे. जबरदस्तीने वा आमिषाने होणारे धर्मांतर ख्रिस्तसभेला मान्य नाही. श्रद्धा ही देवाची देणगी आहे. ती लादता येत नाही, विकत तर मुळीच घेता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आक्षेप आहे तो संशयालाच पुरावा मानण्याला. सेवा म्हणजे आमिष, प्रार्थनासभा म्हणजे कट आणि मुलींना नोकरीसाठी सोबत करणे म्हणजे तस्करी, असे गृहीत धरले जाऊ लागले की घटना समितीत झालेली ती समजूत कागदावरच उरते. राज्याने अंतःकरणाची तपासणी करू नये, यासाठीच तर १९४७ साली ते कलम वगळले गेले होते.

आता जबाबदारी कोणाची?

मग आणखी एक फादर जेरोम हवेत काय? येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज तसे घडणे शक्य नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाचे दहा वर्षे सदस्य असलेले येशूसंघीय फादर रॉबर्ट ड्रायनन यांना १९८० साली पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आदेशानुसार पुन्हा निवडणूक न लढविण्याचा निर्णय घ्यावा लागला. १९८३ च्या धर्मसंहितेने धर्मगुरूंना राज्यसत्तेत सहभाग देणारी सार्वजनिक पदे स्वीकारण्यास मनाई केली. धर्मगुरू सर्वांचा असतो. तो एका पक्षाचा झाला तर वेदीभोवती जमणारे कुटुंब विभागले जाईल, हे त्यामागील कारण आहे.

याचा अर्थ फादर जेरोम यांनी सोडलेली जागा रिकामी राहावी असा नाही. ती जागा प्रापंचिकांची आहे. परिषदेने राजकारण ही कठीण परंतु उदात्त कला असल्याचे म्हटले. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात राजकारणाला प्रेमकार्याचे उच्च रूप मानले. आपल्या इतिहासात याची उदाहरणे आहेत. १९५२ साली जोआकिम आल्वा लोकसभेत व त्यांच्या पत्नी व्हायोलेट आल्वा राज्यसभेत गेल्या. त्या पुढे राज्यसभेच्या उपसभापती झाल्या. ॲनी मस्करीन पहिल्या लोकसभेत अपक्ष म्हणून निवडून आल्या. राखीव जागा नसताना ही माणसे सर्व समाजांच्या मतांवर उभी राहिली. पद न घेताही सार्वजनिक जीवनाची सेवा करता येते, याचे उदाहरण तर वसईने डोळ्यांनी पाहिले आहे. जुलै २०२४ मध्ये निवर्तलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले तेव्हा त्यांच्यामागे केवळ ख्रिस्ती समाज नव्हता. पाणी, झाडे व जमीन यांना धर्म नसतो.

परंतु सर्वसाधारणपणे पाहता आपल्या समाजाची ओढ सार्वजनिक जीवनाकडून दूर जात आहे, असे आम्हांला वाटते. आपली मुले परदेशी जाण्याची स्वप्ने पाहतात, त्यात गैर काही नाही. परंतु स्पर्धा परीक्षा देऊन तहसीलदार, न्यायाधीश वा परराष्ट्र सेवेतील अधिकारी व्हावे, असे किती घरांतून सांगितले जाते? ग्रामसभेला किती जण जातात? प्रभागाच्या आराखड्यावर हरकती नोंदविण्याची मुदत किती जणांना ठाऊक असते? अन्याय झाला की निवेदन द्यावयाचे व मोर्चा काढावयाचा, एवढ्यापुरतेच आपले नागरिकत्व उरले तर तक्रारदार म्हणून आपली ओळख राहील, भागीदार म्हणून नव्हे.

यासाठी काही साध्या गोष्टी धर्मग्रामाच्या पातळीवर करता येतील. धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठ्या मुलांना घटनेची पंचविसावी ते तिसावी कलमे समजावून सांगावीत. मतदार यादीत नाव तपासण्याचे काम तरुण संघटनांनी दरवर्षी हाती घ्यावे. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका व पुस्तके यांची सोय संस्थांनी करावी. समाजातील वकिलांनी महिन्यातून एक दिवस विनामूल्य सल्ल्यासाठी द्यावा आणि तो सर्वधर्मीयांसाठी खुला असावा. दलित व आदिवासी ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न हा 'त्यांचा' प्रश्न आहे, ही भाषा आपण सोडून द्यावी. मुख्य म्हणजे शेजारच्यांशी नाते राखावे. कृष्णम्माचारी यांचे ते भाषण एखाद्या वकिलाने तयार करून दिलेले नव्हते. चौदा वर्षांच्या वर्गखोल्यांतून ते तयार झाले होते. उद्या आपल्यावर बालंट आले तर आपल्या बाजूने कोण बोलेल, हे आज आपण शेजाऱ्याच्या सुखदुःखात किती सहभागी होतो, यावर अवलंबून आहे.

फादर जेरोम यांनी दिलेली घटनात्मक हमी आपल्याला वारशाने मिळाली. वारसा मिळालेली शेतवाडी कसली नाही तर तिच्यात तण माजते. घटनेने दिलेल्या हक्कांचेही तसेच आहे. त्यांची मशागत प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते. फादर जेरोम यांच्या आत्म्यास परमेश्वर चिरशांती देवो, ही प्रार्थना करीत असतानाच त्यांच्या समाजातून सचोटीचे, अभ्यासू व निर्भय लोकसेवक पुढे येवोत, हीही प्रार्थना आपण रविवारच्या मिस्साबलिदानात श्रद्धावंतांच्या विनंत्यांत करू या. आणि त्या प्रार्थनेला आपल्या घरातूनच उत्तर मिळू शकेल काय, याचा विचार प्रत्येक मातापित्याने करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.